कारखान्यातून आली तशीच

अर्जावर एक खूण करायची होती, एवढंच. 'गाडीचे कारखान्याचे मूळ कागद आहेत काय?' असा प्रश्न आणि पुढे दोन चौकोन. हार्म डायक्स्ट्राने पेन 'नाही'च्या चौकोनावर नेलं, क्षणभर थांबला, आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली.

त्यात लबाडी नव्हती, असं हार्म अजूनही म्हणतो. नॉर्डव्हीकचा जुन्या गाड्यांचा मेळावा दर ऑगस्टला भरतो, आणि मंडळाने यंदापासून नवा नियम काढला होता. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी पुढे, मेपलच्या झाडांखाली, चर्चच्या बायका हॅम-बन विकतात त्यांच्या शेजारी उभं राहायचं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी मागे, भाड्याने आणलेल्या संडासांच्या रांगेला लागून. हार्म बावीस वर्षं पुढच्या रांगेत उभा राहत होता. (संडासांशेजारी उभं राहण्यासाठी कुणी बावीस वर्षं क्रोम घासत नाही, हा त्याचा मुद्दा मला तरी पटतो.)

शिवाय गाडी तशी होतीच! १९७० सालची बेल्डन थंडरहेड. मोठं, चारशेतीस घनइंचांचं इंजिन. पिकल्या टोमॅटोचा लाल रंग, बॉनेटवरून मागपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे, आत काळ्या चामड्याच्या दोन सुट्या सीट, रेडिओ, घड्याळ, पायाखाली गालिचा. पुढे गवतावर हार्मने स्वतः रंगवलेली पाटी असायची : 'कारखान्यातून आली तशीच'. आता ती तशी आली होती तर तसा कागदही कुठेतरी असणारच. नुसता सापडायचा राहिला होता, म्हणून काय 'नाही'वर खूण करायची?

इथे थोडं मागचं सांगायला हवं. गाडी मुळात हार्मच्या सासऱ्यांची. कॉर्नेलिअस बोअरस्मा हे काळ्या दलदलीच्या जमिनीत कांदा पिकवणारे गृहस्थ, आणि पेपरमिंटची एक गोळी दाताने तोडून दोन नातवंडांत वाटणारे. त्यांनी ती नवी घेतली, तेरा वर्षं वापरली आणि डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा जावयाला दिली. दिली तेव्हा ती तपकिरी होती. साधी नाही, उदास तपकिरी. पुढे बाकासारखी एक लांब सीट, पायाखाली रबर, आणि रेडिओच्या जागी पत्र्याचं झाकण.

हार्मने एक नजर टाकली आणि सगळं ओळखलं. सासऱ्यांचं कांद्याचं कोठार त्याच तपकिरी रंगाचं होतं. पंपाची खोली तीच, पत्रपेटीही तीच. म्हणजे म्हाताऱ्याने उरलेला रंग गाडीवर फासला, गालिचा फाडून कोंबडीच्या खुराड्यात घातला आणि रेडिओ विकून खाल्ला.

"बाबांनी अशीच घेतली होती," वायला, म्हणजे हार्मची बायको, तेव्हाच म्हणाली होती.

"असल्या रंगाची गाडी कुठली कंपनी काढेल गं?"

"बेल्डन कंपनी काढेल. बाबांनी सांगितलं तर."

हार्म हसला होता. मग त्याने कंपनीचं रंगीत माहितीपत्रक मिळवलं, भिंतीला चिकटवलं आणि सहा वर्षं शनिवारचे शनिवार खपून गाडीला तिचं 'मूळ रूप' परत दिलं. पुढे दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तो पाहुण्यांना गोष्ट सांगायचा : सासऱ्याने कोठाराचा रंग मोटारीला कसा दिला. सगळे पोट धरून हसायचे. वायला त्या वेळी बटाटे वाढायला उठायची.

तर अर्ज गेला सोमवारी. मंगळवारी फोन आला.

"मिस्टर डायक्स्ट्रा? मी अर्नेस्टीन टॉलिव्हर. डेट्रॉइटहून बोलतेय. यंदा परीक्षक मी आहे. तुमच्याकडे कागद आहेत असं लिहिलंय. कुठला आहे?"

"कुठला म्हणजे?"

"काचेवरचा की सीटमधला?"

हार्मने दोन्ही नावं ऐकली होती. पण असे प्रश्न अचानक आले की माणसाला स्वतःचं नावही आठवत नाही.

"दोन्ही," तो म्हणाला. (ही मात्र लबाडी होती.)

"दोन्ही!" पलीकडची बाई खुर्चीत सरळ बसल्याचा आवाज आला. "अहो, दोन्ही असलेली थंडरहेड मी अजून पाहिली नाही. मी बेल्डनच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलीत. गाडी बनत जायची तसा तिच्याबरोबर तो कागद फिरायचा, रंग कुठला, सीट कुठली, काय बसवायचं, काय नाही. शेवटी आमचं काम झालं की आम्ही तो सीटच्या स्प्रिंगांत कोंबून मोकळ्या व्हायचो. कचरापेटी लांब होती."

"आणि काचेवरचा?"

"तो दुकानात लागायचा, किमतीसकट. लोक घरी नेऊन फाडायचे. हल्ली तसे कागद घरी छापणारे महाभाग आहेत, म्हणून दुसरा ताडून बघावा लागतो. बरं, शनिवारी दहाला येते. कागदाशिवाय गाडी म्हणजे काय हो, ऐकीव गोष्ट! खरी की खोटी, कोण सांगणार? त्याच गाडीला कागदासकट दुप्पट किंमत येते."

फोन ठेवला आणि हार्मने घर उपसायला घेतलं. तळघर, माळा, शिवणाच्या मशीनचे खण. वायलाने दहा मिनिटं पाहिलं.

"काय हरवलंय?"

"गाडीचा कागद. दुकानात काचेवर लावतात तो."

"केवढा असतो?"

"वहीच्या दोन पानांएवढा असेल."

"मग आहे," वायला म्हणाली. "बाबांनी कागद टाकला असेल हे शक्यच नाही. बाबांनी कधी काही टाकलंच नाही."

ते खरंच होतं. सासऱ्यांच्या चार पेट्या माळ्यावर होत्या. त्यांत इस्त्री करून ठेवलेल्या बियाणांच्या पिशव्या निघाल्या. १९६१ सालचं कॅलेंडर निघालं, कारण तेच वार पुन्हा कधीतरी येणार होते. तुटलेल्या चष्म्याची एकच काडी कापसात गुंडाळून ठेवलेली निघाली. गाडीचा कागद तेवढा निघाला नाही.

बुधवारी सकाळी दाढी करताना हार्मला सीट आठवली. ती पुढची लांब सीट त्याने गाडीतून काढली तेव्हा शेजारच्या ऑरी हॉकस्ट्राला देऊन टाकली होती. ऑरीची बर्फावर मासे धरायला बसायची खोपटी होती, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर ओढून न्यायची. त्या खोपटीत ती सीट सत्तावीस वर्षं होती. उन्हाळ्यात खोपटी ऑरीच्या अंगणात पडून असायची.

"ऑरी, तुझ्या खोपटीतली सीट जरा बघू दे."

"ऑगस्टात?"

"आठवण आली."

"सीटची?"

"हो."

ऑरीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "वायला बरी आहे ना? भांडणबिंडण?"

"सगळं बरं आहे. खालून जरा उसवून बघायचीय."

"अजिबात नाही! सत्तावीस वर्षं बसून ती सीट मी वळणावर आणलीय. एका बाजूला माझा खळगा आहे, दुसऱ्या बाजूला थर्मासचा."

शेवटी हार्मने स्वतः शिवून देण्याचं कबूल केलं. (तो चौतीस वर्षं ऑफिसच्या खुर्च्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. सीट कशी शिवतात ते त्याला माहीत होतं. शिवण्याचं काम मात्र दुसरे करायचे.) त्याने सीट उलटी केली, खालचं कापड उसवलं. आधी माशांचा वास आला, मग उंदराचं घरटं आलं, आणि घरट्याच्या मागे, स्प्रिंगांत अडकलेला, एक कोपरा कुरतडलेला, तेलकट घडीचा कागद आला.

"काय मिळालं?" कॉफी घेऊन परत आलेल्या ऑरीने विचारलं.

"उंदराचं घर," हार्म म्हणाला आणि कागद सदऱ्याच्या खिशात घातला.

घरी येऊन गॅरेजचं दार लावून त्याने तो वाचला. बारीक रकाने, आकडे, अक्षरं. हार्मला ती सांकेतिक अक्षरं पाठ होती. इंजिन : चारशेतीस. त्याने मूठ आवळून हवेत मारली. मग पुढचा रकाना. रंग : तपकिरी. सीट : लांब, एक. पायाखाली : रबर. पट्टे : नाही. रेडिओ : नाही. घड्याळ : नाही. उजव्या बाजूचा आरसा : नाही. कागदावर एकूण साठ रकाने होते आणि त्यांतल्या एक्केचाळीस रकान्यांत 'नाही' होतं. एवढे नकार हार्मने लग्नाआधीही पचवले नव्हते.

तो स्टुलावर बसला. समोर त्याची लाल गाडी चमकत होती. सहा वर्षांचे शनिवार, माहितीपत्रक, बावीस मेळावे, पाटी आणि दर थँक्सगिव्हिंगची ती गोष्ट! म्हाताऱ्याने काहीही फासलं नव्हतं, फाडलं नव्हतं, विकून खाल्लं नव्हतं. कारखान्यातून आली तशी गाडी त्याने जावयाच्या हातात दिली होती, आणि ती बिघडवली होती जावयाने.

काड्यापेटी हाताशीच होती. पण जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांना प्रमाणपत्रं देणाऱ्या माणसाच्याने असला कागद जाळवेना. त्याने तो परत खिशात ठेवला आणि मनाशी ठरवलं : शनिवारी कागद सापडला नाही म्हणून सांगायचं. मागे उभं राहावं लागलं तर राहू. जागा गेली तर गेली, पण पाटी खोटी पडता कामा नये. साऱ्या गावात आणि वायलासमोर तर मुळीच नाही.

शनिवारी दहाला अर्नेस्टीन टॉलिव्हर बाई आल्या. सत्तरी उलटलेली, पांढरी टोपी, गळ्यात भिंग. गाडीभोवती त्या एकदा फिरल्या.

"काम सुरेख आहे. कागद?"

"नाही सापडले," हार्म म्हणाला. "फार शोधले हो. माझं चुकलंच, मी 'हो' लिहायला नको होतं. गाडी मागे नेतो मी."

त्याला हलकं वाटलं. त्याने किल्लीला हात घातलासुद्धा. तेवढ्यात हॅम-बनच्या टेबलाकडून वायला धावत आली. वायलाला धावताना त्याने शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना.

"हार्म! सापडला! अरे, सापडला!"

तिच्या हातात, विक्रीआधी स्तोत्र म्हणायला आणलेलं, तिच्या वडिलांचं स्तोत्रांचं पुस्तक होतं. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं जाड कागदाचं कव्हर घातलेलं. ते आज कोपऱ्यावर फाटलं होतं आणि आत छापील अक्षरं दिसत होती.

"बाबांनी उलटं घातलं होतं बघ, कोरी बाजू वर करून! दर रविवारी मी हे चर्चला नेतेय, तुझ्या मांडीला मांडी लावून बसतेय, आणि कागद माझ्या हातात! बाई, तुम्हीच वाचा, माझा चष्मा तिकडे मोहरीच्या बरणीजवळ राहिला."

टॉलिव्हर बाईंनी कव्हर हळूच सोडवलं, उलगडलं, आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. शेजारच्या गाड्यांचे मालक जमले. ऑरी बन खात आला.

"बेल्डन थंडरहेड. ग्राहक, सी. बोअरस्मा. इंजिन, चारशेतीस." माणसांत कुजबुज झाली. "रंग, तपकिरी."

कुजबुज थांबली. सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग हार्मकडे.

"पट्टे नाहीत. रेडिओ नाही. गालिचा नाही..."

"बाई," हार्म घाईघाईने म्हणाला, "हल्ली असे कागद घरी छापतात म्हणे. तुम्हीच म्हणालात."

"हार्म!" वायला म्हणाली. "स्तोत्रांच्या पुस्तकावर?"

"म्हणाले खरी," टॉलिव्हर बाई म्हणाल्या. "म्हणून तर सीटमधला हवा असतो. तो असता म्हणजे प्रश्न मिटला असता."

"तो तर नाहीच ना," हार्म म्हणाला.

"बुधवारी खिशात घातलास तो काय होता?" ऑरीने विचारलं. वाईट हेतू अजिबात नव्हता त्याचा. त्याला वाटलं, बिचारा विसरला.

"कुठला?"

"माझ्या सीटमधनं काढलास तो. उंदराचं घर म्हणालास. तोच सदरा आहे की अंगावर!"

वायलाने हात पुढे केला. तेहतीस वर्षांच्या संसारात हार्म तो हात ओळखायला शिकला होता. त्याने घडी काढून दिली.

"पण चुकीचाही असेल हो," तो शेवटचा प्रयत्न म्हणून पुटपुटला. "तुम्ही घाईत कुणाचाही कुणाच्याही सीटमध्ये कोंबत असाल."

"कोंबायचो की," बाई खुशाल म्हणाल्या, "सोमवारी सकाळी तर हमखास." त्या गाडीजवळ गेल्या, काचेखालच्या पट्टीवरचा क्रमांक भिंगातून पाहिला, मग एक कागद, मग दुसरा. "हा मात्र सोमवारचा नाही. तिन्ही जुळतायत."

मग त्या तिथेच उभ्या राहून सीटमधला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू देवळातल्यासारखा भाव आला.

"कंपनीतलं सगळ्यात मोठं इंजिन," त्या म्हणाल्या, "आणि बाकी काही म्हणजे काहीच नाही. एकतीस वर्षांत अशी मागणी मी पाहिली नाही. ज्याच्याकडे एवढ्या इंजिनाचे पैसे असायचे तो रेडिओ घ्यायचाच. कोण होते हे गृहस्थ?"

"माझे बाबा," वायला म्हणाली. "कांद्याचे दोन गाडे एकदम ओढायचे होते त्यांना. दुकानदार हसला होता. मी सोळा वर्षांची होते, शेजारी उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, गाडे इंजिन ओढतं, रेडिओ नाही."

"आणि ते कोठार?" हार्मच्या तोंडून निघून गेलं. "तोच रंग कसा मग?"

"कोठार त्याच वर्षी, गाडीनंतर रंगवलं. बाबा रंगाच्या दुकानात गाडीच घेऊन गेले होते, तिच्याशी जुळवून द्या म्हणाले. एवढी आवडली होती त्यांना." वायला हार्मकडे वळली. "आयुष्यात तेवढी एकच हौस केली रे त्यांनी. आणि तू दरवर्षी..."

फजितीचं हार्म विसरून गेला होता. टेबलाच्या टोकाला डोळे मिटून बसलेला म्हातारा त्याला दिसत होता. आपली टिंगल ऐकत शांतपणे बटाटे खाणारा, एकदाही 'तसं नाही' न म्हणणारा. पहिली चार थँक्सगिव्हिंग तो हयात होता.

"चुकलं माझं," हार्म म्हणाला. "तुझ्याशीही, आणि त्यांच्याशी तर फारच." त्याने वाकून पाटी उपटली आणि डिकीत टाकली. वायलाने डोळे पुसले आणि त्याच्या बाहीवरचं गवत झटकलं. म्हणजे तूर्तास माफी होती.

"बाई, गाडी मागे नेऊ ना?" त्याने विचारलं.

"नियमात कागद हवेत असं आहे. गाडी कागदासारखी हवी असं कुठे लिहिलंय?" टॉलिव्हर बाई म्हणाल्या. "राहू द्या इथेच. हिला हात लावला नसतात ना मिस्टर डायक्स्ट्रा, तर सबंध देशात अशी हीच एक असती. तळ्याकाठचं घर आलं असतं हिच्या पैशात. बोटीसकट." आणि वहीत गाडीच्या नावापुढे एक भलामोठा भोपळा काढून त्या म्हणाल्या, "काही झाकायला आहे का? कागदांवर ऊन नको."

चर्चच्या बायकांनी बनवरचं काचेचं झाकण दिलं. एक लहान टेबल गाडीपुढे मांडून त्यावर दोन्ही कागद ठेवले, वर झाकण. बातमी मैदानभर पसरली. बारा वाजेपर्यंत टेबलापुढे रांग लागली. लोक वाकून वाकून 'नाही' मोजत होते. वायला बाजूला खुर्ची टाकून बसली होती आणि बाबांची हकीकत सांगत होती, कांद्याच्या गाड्यांसकट, दुकानदारासकट. लोक हसत होते, पण आता दुकानदाराला.

कॅलमझूहून आलेला एक गृहस्थ हार्मजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्याकडे एक थंडरहेड आहे. मला बोलायचं होतं."

"बोला," हार्म म्हणाला. विकायचा विचार नव्हता, पण कुणी विचारलं तरी बरं वाटलं असतं.

"ते कोठार अजून उभं आहे का? मूळ रंगाचा नमुना कुठेच मिळत नाही. दाराचा एक ढलपा मिळाला तर वाटेल ते देईन."

हार्मने त्याला वायलाकडे पाठवलं आणि तो गाडीला टेकून उभा राहिला. दीड वाजला. रांग हलत होती, पण गाडीकडे बघायला कुणी मान वर करत नव्हतं. तेवढ्यात कॅमेरा घेतलेली एक तरुण बाई टेबलाजवळून मागे सरली, डोळे बारीक करून तिने गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि हसून विचारलं, "काका, ही तुमची का?"

हार्म सरळ उभा राहिला. त्याने टोपी नीट केली. "हो, माझीच. सगळं काम मी हाताने केलंय."

"जरा मागे घेता का प्लीज? हिच्यामुळे फोटोत कागद लाल येतोय."